चॉकलेटच्या गावात ताई

त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. आल्प्समध्ये तशी गावं पुष्कळ असतील, शोधायला जाऊ नका. तिथल्या चॉकलेटच्या कारखान्यातून आम्हा दोघी बहिणींना अगदी सभ्यपणे बाहेर काढलं गेलं, आणि त्यानंतर तासाभरात त्याच कारखान्यात ताईभोवती घोळका करून लोक टाळ्या वाजवत होते. दोन्ही गोष्टी एकाच सकाळी झाल्या. अजून आठवलं की मी ऑफिसात मीटिंगमध्ये असले तरी तोंडावर हात ठेवते.

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. सांगलीकडच्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये ती केमिस्ट म्हणून लागली तेव्हा मी शाळेत होते, आणि ती निवृत्त झाली तेव्हा माझी मुलगी इथे सिंगापूरला नववीत होती. मधली सगळी वर्षं ताईने साखर केली. गळीत हंगाम सुरू झाला की ती घरातून नाहीशी व्हायची. आमच्याकडची लग्नं नेमकी त्याच महिन्यांत निघायची, त्यामुळे घरातल्या एकाही लग्नाच्या फोटोत ताई नाही. माझ्याही नाही. मी बोहल्यावर उभी होते तेव्हा ती काचेच्या पट्टीवर पाकाचा थेंब घेऊन त्यातला दाणा बघत होती. तशी ती रागीट वगैरे नाही, पण गंभीर. हसली तरी ओठ मिटून. लहानपणी मी तिला घाबरायचे आणि मोठेपणी सवयीने घाबरत राहिले.

मी पन्नाशीची झाले तेव्हा नवऱ्याने विचारलं, "काय हवंय तुला?" माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "ताईबरोबर आठ दिवस. फक्त आम्ही दोघी." त्यालाही आश्चर्य वाटलं आणि मलाही. कुठे जायचं हे मात्र ताईने ठरवलं. मी फोनवर आढेवेढे घेत समुद्र, जंगल, संग्रहालयं अशी नावं घेत होते. ती म्हणाली, "मला चॉकलेट कसं करतात ते बघायचंय. एकदा तरी दुसऱ्याचा कारखाना बघू दे की."

मुंबईहून व्हिसा घेऊन ती आधी आमच्याकडे सिंगापूरला, पासिर रिसच्या घरी आली. पहिल्याच सकाळी मी तिला खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, कोपी ही इथली कॉफी प्यायला नेलं. पलीकडच्या टेबलावरच्या माणसाने काय मागितलं म्हणून तिने विचारलं. मी सांगितलं, "सिऊ दाई. म्हणजे साखर कमी."

"का?"

"इथे सगळे तसंच पितात हल्ली."

मग तिला शीतपेयांच्या डब्यांवरची अक्षरं दिसली. जितकी साखर जास्त तितका दर्जा खालचा, ए पासून डी पर्यंत, हे मी तिला समजावलं. ताईने डी लिहिलेला डबा हातात घेतला, चष्मा वर करून बघितला आणि म्हणाली, "आमच्या मालाला डी?" मला हसू आलं, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून मी ते कोपीबरोबर गिळलं. आठ दिवस हिच्याबरोबर कसे जायचे, असं त्या क्षणी खरंच मनात आलं.

विमान, आगगाडी, मग डोंगर चढणारी दाताळ्या रुळांची छोटी गाडी. त्या छोट्या गाडीत काहीतरी व्हायला सुरुवात झाली. गाडी इतकी तिरकी चढत होती की ताईची पर्स बाकावरून घसरत मागच्या माणसाच्या मांडीवर गेली. त्याने ती परत दिली. पुढच्या वळणावर पर्स पुन्हा गेली. तिसऱ्या वेळी त्या माणसाने हात आधीच पुढे करून ठेवले होते. ताईच्या गळ्यातून एक बारीक आवाज आला, उचकीसारखा. मी वळून बघितलं तर ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते.

"काय झालं गं?"

"काही नाही. हवा विरळ आहे."

गाव म्हणजे एक उतरता रस्ता, लाकडी घरं, सज्जांवर लाल फुलं आणि वर माथ्यावर शिल्लक राहिलेला बर्फ. गायींच्या गळ्यातल्या घंटा सतत किणकिणत होत्या. आणि वास! गाडीतून उतरल्या उतरल्या कोकोचा भाजका, किंचित आंबूस वास. आमच्या कारखान्याच्या आसपास मळीचा जो वास असतो तो ताईच्या नाकाला आयुष्यभर सोबत होता. तिने फलाटावर उभं राहून तीन वेळा खोल श्वास घेतला आणि निवाडा दिला. "यांचं बरं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे दगडी दुमजली इमारत, एका कुटुंबाची. आम्हा दहाबाराजणांच्या गटाला एका चाळिशीच्या बाईंनी आत नेलं. केस घट्ट बांधलेले, आवाज देवळात बोलतात तसा. त्यांनी सगळ्यांना कागदी टोप्या घालायला लावल्या. ताईच्या अंबाड्यावर ती टोपी बसेना. दाबली की वर उडायची. शेवटी ती अंबाड्यावर उभीच राहिली, छोट्या होडीसारखी. मी खाली बघायचं ठरवलं.

मग चव घेण्याची खोली. लांब टेबल, प्रत्येकासमोर पांढरी बशी, त्यात पाच तुकडे. बाई म्हणाल्या की चॉकलेट लगेच खायचं नसतं. आधी बघायचं. मग हुंगायचं. मग डोळे मिटून तुकडा कानाजवळ न्यायचा, मोडायचा आणि ऐकायचं. "चॉकलेट तुमच्याशी बोलेल," असं त्या इंग्रजीत म्हणाल्या. हे सगळं मी कुजबुजत मराठीत सांगत होते.

सगळ्यांनी डोळे मिटले. खोलीत शांतता पसरली. एकामागून एक टक्, टक् असे आवाज झाले. आणि त्या शांततेत ताई खणखणीत आवाजात म्हणाली, "माझ्याशी काही बोलत नाहीये हे!"

इथे एक सांगायला हवं. साखर कारखान्यातली यंत्रं अखंड घरघरतात. इतक्या वर्षांत ताईचा डावा कान जवळजवळ गेला आहे, आणि तुकडा तिने डाव्याच कानाशी धरला होता. मी डोळे उघडून तिला खुणावलं, दुसरा कान. तिने तुकडा उजव्या कानाशी नेला, पण तो आधीच मोडलेला होता. तिने दोन्ही अर्धे तुकडे एकमेकांवर आपटून बघितले. मग माझ्याकडे वळून, तिच्या मते अगदी हळू, म्हणाली, "गेलं वाटतं हे."

त्यानंतर जे झालं ते माझ्या हातात नव्हतं. माझ्या नाकातून आवाज आला. ताईने माझ्याकडे बघितलं, आणि पन्नास वर्षांत मी जे कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. माझी बहीण हसत सुटली. ओठ मिटून नाही, सगळे दात दाखवत, आवाज न येता, डोळ्यांतून पाणी काढत. टोपी उडून बशीत पडली. मी टेबलावर डोकं टेकवलं. समोरच्या वयस्कर जपानी जोडप्यातल्या बाईंनी तोंडावर रुमाल धरला. गाइडबाई थांबल्या. त्यांनी विचारलं, "काही अडचण आहे का?" मी उत्तर द्यायला डोकं वर केलं, ताईच्या गालावर चॉकलेटचा डाग दिसला, आणि मी पुन्हा खाली गेले.

"तुम्हाला जरा मोकळी हवा बरी वाटेल," त्या म्हणाल्या, आणि मागच्या अंगणाचं दार उघडून धरलं.

आम्ही अंगणातल्या बाकावर बसलो. समोर कुरण, पलीकडे बर्फाचे डोंगर. दोघी मिळून एकशे नऊ वर्षांच्या, आणि वर्गाबाहेर काढलेल्या. हसू ओसरायचं, दोघी डोळे पुसायच्या, आणि मग कोणीतरी "गेलं वाटतं हे" म्हणायचं. माझ्या बरगड्या दुखायला लागल्या. ताई म्हणाली, "बास गं, मरेन मी इथे. नेणार कशी मला, त्या तिरक्या गाडीतून?" आणि ते पर्स सांभाळणारे गृहस्थ ताईला सांभाळताना मला दिसले, आणि पुन्हा सगळं सुरू.

अंगणाच्या दुसऱ्या बाजूला एक अर्धवट उघडं दार होतं. तिथून पांढऱ्या अंगरख्यातले एक म्हातारे गृहस्थ डोकावले. भुवया जाड, बाह्या कोपरापर्यंत वर. आमच्याकडे बघून त्यांनी मोडक्या इंग्रजीत विचारलं, "माझ्या मुलीने बाहेर काढलं?"

मी मान हलवली.

"मलाही काढते," ते म्हणाले आणि आत या अशी खूण केली.

आत त्यांची काम करायची खोली. मधोमध संगमरवराचं मोठं टेबल, एका बाजूला पातळ केलेल्या काळ्या चॉकलेटचं भांडं. आम्ही भिंतीला टेकून उभ्या राहिलो. म्हाताऱ्यांनी भांडं ढवळलं, मग शेजारच्या ताटलीतून बारीक चिरलेल्या घट्ट चॉकलेटची मूठ घेतली आणि त्या रसात टाकली.

ताईने माझा दंड इतका जोरात धरला की वळ उठला. "सीड टाकलं!"

"काय?"

"अगं सीड! बी! आमच्या पॅनमध्ये असंच करतो. पाक तयार झाला की त्यात साखरेचे अगदी बारीक कण टाकायचे, मग त्यांच्याभोवती दाणा धरतो. हे तेच चाललंय! विचार त्यांना."

मी विचारलं. म्हातारे ढवळायचे थांबले. म्हणाले की हो, चॉकलेटमधल्या कोकोच्या लोण्याचेही स्फटिक असतात, आणि ते नीट जमले नाहीत तर वडीला चकाकी येत नाही, ती हातात विरघळते. त्यासाठी चांगल्या स्फटिकांचं बी घालायचं. पण या बाईंना हे कसं माहीत?

"सांग त्यांना," ताई ताठ उभी राहून म्हणाली, "मी साखर करते."

'करायचे' नाही म्हणाली. मी तसंच सांगितलं.

म्हाताऱ्यांनी हात पुसले आणि तिच्यापुढे केले. मग चमच्याच्या टोकावर थोडा रस घेऊन तिला दिला. ताईने तो खाल्ला नाही. अंगठा आणि बोटामध्ये घेऊन चोळला, जसा तिने हजारो वेळा साखरेचा दाणा चोळून बघितला असेल. पुन्हा चोळला. तिचा चेहरा बदलत गेला.

"दाणाच नाही," ती म्हणाली. "अगं, साखर आहे यात, पण दाणा लागतच नाही! मी जन्मभर दाणा यावा म्हणून धडपडले, आणि हे लोक दाणा लागू नये म्हणून धडपडतात!" आणि ती पुन्हा हसायला लागली, पण या वेळचं हसू वेगळं होतं. कोणी भेट उघडल्यावर हसतं तसं.

म्हाताऱ्यांना भाषांतर सांगितल्यावर त्यांनी टेबलावर थाप मारली. भांड्यातला बराचसा रस संगमरवरावर ओतला आणि ताईच्या हातात रुंद पत्र्याची पट्टी दिली, रंगारी भिंतीला लांबी भरायला वापरतात तसली. पसरायचं, गोळा करायचं, पुन्हा पसरायचं. ताईने पदर खोचल्यासारखी ओढणी कमरेला बांधली. पहिल्यांदा जमलं नाही. कागदाच्या पट्टीवर घेतलेला नमुना सुकला तेव्हा त्यावर राखाडी रेघा उमटल्या. म्हाताऱ्यांनी मान हलवली.

"थर्मामीटर कुठे आहे?" ताईने विचारलं.

मी विचारलं. त्यांनी स्वतःच्या खालच्या ओठावर बोट ठेवलं. ओठाला लावून बघायचं. किंचित गार लागलं की तयार.

ताईला ते फारसं पटलं नाही. आयुष्यभर आकडे नोंदवलेली बाई ती. तरी तिने पुन्हा पसरलं, पुन्हा गोळा केलं, मनगट फिरवत, जीभ ओठांच्या कोपऱ्यात. मग करंगळीने थेंब खालच्या ओठाला लावला आणि डोळे मिटले. "थांब... थांब... गार! गार लागलं गं!" या वेळी कागदावरची पट्टी सुकली ती आरशासारखी. म्हाताऱ्यांनी ती वर धरली, दाराकडे जाऊन त्यांच्या भाषेत मोठ्याने हाक मारली, आणि गाइडबाई सगळा गट घेऊन आत आल्या.

बाई एकदम थबकल्या. मला वाटलं आता पुन्हा अंगण. पण म्हातारे भराभर बोलत होते, ताईकडे हात करत, आणि बाईंचा चेहरा हळूहळू सैल पडत गेला. "माझे वडील म्हणतात," त्या गटाला म्हणाल्या, "की या पाहुण्या भारतातल्या साखरेच्या उस्ताद आहेत." ताईला मी हे सांगितलं तर ती लाजली. ताई! लाजली! तेवढ्यात म्हाताऱ्यांनी विचारलं की तुमची साखर कशापासून. त्यांच्याकडे बीटापासून होते. ऊस त्यांनी चित्रात पाहिला होता, खाल्ला कधीच नव्हता. "कसा खातात?"

इंग्रजी शब्द शोधायला ताई थांबली नाही. तिने हवेत एक लांब ऊस धरला, गुडघ्यावर आपटून काडकन मोडला, दातांनी सालपट ओढून काढलं, मान एका बाजूला वाकवून कांडं चावलं, मनगटावरून ओघळणारा रस चाटला, आणि चोथा, आधी डावीकडे उजवीकडे बघून, स्वित्झर्लंडच्या त्या चकचकीत फरशीवर थुंकल्याचा अभिनय केला. मग जपानी बाईंनी हवेत ऊस धरला. त्यांच्या नवऱ्याने गुडघ्यावर मोडला. म्हाताऱ्यांनी सालपट ओढलं. पाच मिनिटांत दहाबाराजण कागदी टोप्या घालून नसलेला ऊस खात होते आणि चोथा थुंकत होते, आणि गाइडबाईंचे घट्ट बांधलेले केस सुटले होते. टाळ्या झाल्या त्या तेव्हा.

निघताना म्हाताऱ्यांनी ताईने केलेली वडी कागदात गुंडाळून तिला दिली, आणि वर चॉकलेटच्या गोळ्यांची एक भलीमोठी पिशवी, घरी सराव करायला.

उतरणाऱ्या गाडीत ताईने कागद उलगडून आपली वडी बघितली. मग म्हणाली, "आमची साखर पोत्यात भरली की पोतं शिवायचे, ट्रकमध्ये टाकायचे. पुढे तिचं काय होतं, कोण खातं, मी कधी बघितलंच नाही. खाऊन माणसं अशी हसत असतील का गं?"

"असतील की," मी म्हटलं. तिने माझा हात धरला आणि खाली स्टेशन येईपर्यंत सोडला नाही. पर्स तिने या वेळी पायात घट्ट धरली होती.

सिंगापूरला परतलो तेव्हा बाहेर नेहमीची भट्टी. ताई जायला अजून तीन दिवस होते आणि तिला स्वस्थ बसवेना. स्वयंपाकघरात एअरकॉन नाही, तिथे चॉकलेट जमणं शक्यच नव्हतं. शेवटी तिनेच जागा शोधली, आमची झोपायची खोली. दार बंद, एअरकॉन अठरावर, माझा संगमरवरी पोळपाट ड्रेसिंग टेबलावर, हातात कालथा. तासाभरात खोली अशी गारठली की आम्ही आल्प्समध्ये घातलेले स्वेटर आणि लोकरी टोप्या बाहेर काढल्या. माझी मुलगी ओ लेव्हलचा, म्हणजे इथल्या दहावीचा, अभ्यास टाकून बघायला आली. "मम्मी, धिस इज क्रेझी लाह," म्हणाली आणि लगेच माझी शाल पांघरून पलंगावर मांडी घालून बसली. ताईने तिला ओठाची परीक्षा शिकवली. तिघींच्या खालच्या ओठांवर काळे ठिपके.

"मावशी, कोल्ड ऑलरेडी!"

"नाही अजून. ओठाला विचार, घाई करू नकोस."

त्याच वेळी नवरा पाया लेबारच्या ऑफिसातून घरी आला. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. त्याने दार उघडलं आणि तसाच उभा राहिला. विषुववृत्तावरच्या भर उकाड्यात त्याच्या पलंगावर तीन बायका लोकरी टोप्या घालून, ओठ पुढे काढून, डोळे मिटून बसल्या होत्या.

"काय चाललंय काय?" त्याने विचारलं.

ताईने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि फक्त तो उचकीसारखा आवाज आला. मग मुलगी आडवी झाली. मी पोळपाट सांभाळत भिंतीला टेकले. आमच्यापैकी कोणालाच एक शब्द बोलता येईना. तो आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिला, मग गेला, आणि थोड्या वेळाने रेनकोट घालून परत आला, कारण घरात त्याला दुसरं गरम काही सापडलं नव्हतं. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दार हलकेच लावून घेतलं, ताईशेजारी पलंगाच्या कडेला टेकला, आणि खालचा ओठ पुढे केला.